नाळेतून उतरू नका : पुण्याहून बॅककंट्री स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी

डिसेंबरात भाच्याचा फोन आला. "मावशी, आमचा बेसिक कोर्स झाला. फेब्रुवारीत आम्ही चौघं गुलमर्गला जातोय. गोंडोला रोपवेने वर जायचं आणि आखलेला पट्टा सोडून बाजूच्या ताज्या बर्फात उतरायचं. तू फक्त एवढं सांग, बर्फ कधी चांगला असतो?"

मी त्याला म्हटलं, रविवारी सकाळी सहाला चौघंही वेताळ टेकडीवर या. येताना भाताचा डबा नको, एक फोन, एक वही आणि घरातला पोळपाट आणा. त्या दिवशी आणि नंतरच्या चार रविवारी आम्ही जे केलं, ते इथे लिहिते आहे. कोर्सात वळायला आणि थांबायला शिकवतात. उतार केव्हा आपल्यासकट खाली येईल, हे त्या चौदा दिवसांत फारसं येत नाही. आणि पोरं तर कोर्स संपला की थेट तिकडेच निघतात.

माझी एरंडवण्यात माती-परीक्षणाची लॅब आहे. उतार, थर, पाणी, घसरण हे माझं रोजचं काम. सह्याद्रीत पंचवीस वर्षं फिरले, २०११पासून दर हिवाळ्यात एक-दोन आठवडे बर्फावर जाते. मी प्रशिक्षक नाही. ॲव्हलांचचा, म्हणजे उतारावरून सुटणाऱ्या बर्फाचा, हिमप्रपाताचा, रीतसर कोर्स जमेल तेव्हा कराच; हे वाचून त्याची गरज संपत नाही. पण पुण्यातून जाणाऱ्या माणसाची अडचण वेगळी असते आणि ती मला नीट माहीत आहे. आपण वर्षातून आठ दिवस बर्फ बघतो. तो बर्फ नोव्हेंबरपासून कसा साचत आला, मध्ये किती दिवस कोरडे गेले, वारा कुठल्या बाजूचा होता, हे आपण पाहिलेलं नसतं. पुस्तकाचं शेवटचं पान उघडून गोष्ट ओळखायला बसावं, तसं ते आहे. म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं : बर्फ वाचता येत नाही तोवर उतार वाचा. उताराचा कोन पुण्यात बसूनही काढता येतो.

आपली सवय इथेच अंगाशी येते

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला नाळ म्हणजे वाट. कोकणातून घाटावर यायचं तर नाळेतून. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये दगडधोंड्यांचा उतार, सावली, धरायला हात. मोकळ्या धारेवर वारा आणि दृष्टिभय, म्हणून आपले पाय आपोआप नाळेकडे वळतात.

बर्फावर हे उलटं करावं लागतं. वारा धारेवरचा बर्फ उचलतो आणि आडोशाच्या नाळेत आणून टाकतो. वरच्या सगळ्या उतारांवरून जे सुटेल ते नाळेतूनच वाहतं. आणि सापडलेला माणूस मोकळ्या उतारावर कदाचित वरच्यावर राहील, तोच नाळेच्या तळाशी दोन-तीन मीटर खाली गाडला जातो, कारण पसरायला जागाच नसते. फार थोडा बर्फसुद्धा नाळेत जीव घेतो. धार आणि सोंड या तुमच्या वाटा; नाळ, घळ, ओढ्याचं पात्र आणि वाडग्यासारखा खोलगट भाग टाळायचा.

माझ्यावर ही वेळ आली ती अशी. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही चौघं एका काश्मिरी गाइडबरोबर गोंडोलाच्या मधल्या थांब्याच्या, कोंगडोरीच्या, वरच्या अंगाला स्किन्स (चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला लावायच्या पट्ट्या) लावून चढत होतो. ऊन स्वच्छ होतं, आदल्या दिवशीचा ताजा बर्फ. डावीकडे एक सुरेख नाळ दिसत होती, वरपर्यंत सलग पांढरी. मीच म्हटलं, तिथून जाऊ, सोपं पडेल. गाइड म्हणाला, "मैडम, उधर नहीं." मी जरा हिरमुसले, पण त्याच्या मागे सोंडेवर चढले. सपाटीवर पोहोचलो आणि पायांखाली एक आवाज झाला. पोकळ पेटारा दाबल्यासारखा, खोल, 'व्हुम्फ' असा. सगळी सपाटी बोटभर खाली बसली. माझ्या स्कीच्या टोकापासून एक चीर सरसर नाळेकडे धावत गेली आणि तिकडची बाजू अख्खी सुटली. आम्ही उभे होतो तिथला उतार नंतर मोजला, तो २२ अंशांचा होता, म्हणून आम्ही जागेवर राहिलो. नाळेत असतो तर सुटलेलं सगळं आमच्या डोक्यावर होतं. आम्ही तिला हातही लावला नव्हता. लांबूनच, सपाटीवरून, आमच्या वजनाने ती सुटली.

हे सांगते ते घाबरवायला नाही. यात दोन गोष्टी आहेत. एक, उतार मंद असला तरी वर-बाजूला तीव्र उतार जोडलेला असेल तर तुम्ही सुरक्षित नाही. दुसरी, स्कीइंग करणारे जीवघेण्या हिमप्रपातांत सापडतात तेव्हा दहापैकी नऊ वेळा तो प्रपात त्यांनीच किंवा त्यांच्या सोबत्याने सुरू केलेला असतो. डोंगर आपणहून अंगावर येतो, असं फार क्वचित होतं. म्हणजे बहुतेक वेळा निर्णय आपल्या हातात असतो.

कोन

थरासारखा सुटणारा हिमप्रपात प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतो, आणि सर्वांत जास्त ३८च्या आसपास. ३०च्या खाली तो क्वचित सुटतो. ५०च्या वर बर्फ फारसा साचतच नाही, पडतापडताच घरंगळतो. दुर्दैव असं की स्कीइंगची मजा येणारा उतारही नेमका ३० ते ४५चाच.

आता हे अंश डोळ्यात बसवायचे. तुमच्या सोसायटीचा जिना मोजा. पायरीची उंची १५ सेंटीमीटर आणि रुंदी ३० असेल तर कोन साधारण २७ अंश येतो. जुन्या वाड्यांचे आणि लहान इमारतींचे जिने ३०-३५पर्यंत जातात. म्हणजे बर्फाचा उतार जिन्याइतका किंवा त्याहून उभा वाटला, की तो धोक्याच्या पट्ट्यात आला. दुसरी खूण माझ्या धंद्यातली. बांधकामाच्या जागी ट्रकने ओतलेल्या कोरड्या वाळूच्या ढिगाची बाजू बघा, ती ३० ते ३५ अंशांवर स्थिर झालेली असते. आणि तिसरी खूण प्रत्येक ट्रेकरला पायातून ठाऊक आहे : घसारा. जिथे एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं, तो घसारा पस्तिसाच्या आसपास असतो. उन्हाळ्यात जिथे घसारा असेल तिथे हिवाळ्यात ॲव्हलांचचा उतार असतो, असंच धरा.

कोन मोजायच्या पहिल्या सत्राला मी पोरांना सिंहगडाच्या पायवाटेवर नेलं. प्रत्येकाने समोरच्या तुकड्याचा कोन मनाशी ठरवून वहीत लिहायचा, मग वॉकिंग पोल उतारावर सपाट ठेवून त्यावर फोन ठेवायचा आणि फोनमधल्या लेव्हलवर आकडा बघायचा. पहिल्या तासाला सगळेच दहा-पंधरा अंशांनी चुकले, बहुतेक जण जास्तच सांगत होते. तिसऱ्या रविवारी तीन-चार अंशांत आले. बर्फावर मात्र सावध राहा. ढगाळ उजेडात पांढऱ्यावर पांढरं दिसतं, खोली कळत नाही, आणि सह्याद्रीत कमावलेली नजर तिथे हमखास दगा देते. तिथे फोन काढून मोजायचंच.

घरी बसून नकाशावर काम करायचं तर गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत ठरवलेली वाट रेषेने काढा आणि उंचीचा आलेख उघडा. तो उतार टक्क्यांत दाखवतो, अंशांत नाही, आणि इथे अभियंतेसुद्धा फसतात. ४५ अंश म्हणजे १०० टक्के. ३० अंश म्हणजे ५८ टक्के. २५ अंश म्हणजे ४७ टक्के. भाच्याने "पन्नासच्या आत आहे सगळं" म्हणून मला आनंदाने वाट दाखवली; ती अंशांत मोजली तर साडेसव्वीस निघाली, म्हणजे ठीक होती, पण त्याच्या मनात पन्नास आणि तीस यांचा घोळ पुरा होता. हे नकाशे उपग्रहाच्या मोजणीवर बनतात आणि बारीक चढउतार गुळगुळीत करून टाकतात. पंधरा-वीस मीटरचा उभा कंगोरा त्यांत दिसतच नाही. म्हणून कागदावर २५च्या आत राहील अशीच वाट आखायची, म्हणजे प्रत्यक्षात ३०च्या आत राहण्याची शक्यता वाढते. रेषा फक्त पायांखालची काढू नका. वर डोक्यावर काय आहे, तिथून सुटलेलं कुठवर येईल, तेही बघा.

वर्षातून आठ दिवस जाणाऱ्याने ३० अंशांच्या आत राहायचं, एवढा एक नियम पाळला तरी पुढची निम्मी काळजी मिटते. मी आजही तो पाळते. तीव्र उतारावर गेले नाही असं नाही, पण ते त्या डोंगरात हिवाळाभर राहिलेल्या माणसाबरोबर, त्याने पाहिलेल्या बर्फावर.

थर

आता पोळपाट. त्यावर मूठभर जाड रवा पसरा, वर पुठ्ठ्याची वही ठेवा आणि पोळपाट हळूहळू तिरका करा. एका कोनाला वही अख्खी, सलग सरकते. आता थोडा कमी कोन ठेवा, वही जागेवर आहे, आणि वरच्या कोपऱ्यावर बोट टेकवा. निघते. वही म्हणजे वरचा घट्ट थर, रवा म्हणजे खालचा कच्चा थर, बोट म्हणजे तुम्ही. रवा काढून वही थेट लाकडावर ठेवली तर ती बऱ्याच जास्त कोनापर्यंत टिकते. धोका वरच्या बर्फात किंवा खालच्या बर्फात एकट्याने नसतो, दोघांच्या सांध्यात असतो. वरून बर्फ कितीही सुंदर दिसला तरी सांधा दिसत नाही.

हा रवा येतो कुठून? हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो आणि मग कोरडी थंडी सुरू होते. जमीन शून्य अंशाच्या आसपास ऊब धरून असते, वरची हवा उणे दहा-पंधरा. एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडला की खालची वाफ वर चढते आणि बर्फाच्या कणांचं रूप बदलून टाकते. ते टोकदार, सुटे, साखरेसारखे होतात, मुठीत घेऊन दाबले तरी गोळा होत नाही. एक मीटर जाडीत दहा अंशांपेक्षा जास्त फरक असला की हे होऊ लागतं. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलां, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, असतो. त्या काळात बर्फ पातळ आणि आकाश निरभ्र राहिलं, तर खाली हा साखरेचा थर तयार होत राहतो. मग जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात येतो, दोन-तीन दिवसांत मीटरभर बर्फ टाकतो, आणि पुण्यातले आपण बातमी बघून तिकीट काढतो. रवा आधीच पसरलेला आहे, वही आत्ता ठेवली गेली आहे.

२०२४चा हिवाळा आठवा. जानेवारी बराचसा कोरडा गेला, गुलमर्गचं मैदान उघडं पडल्याचे फोटो सगळीकडे फिरत होते. महिनाअखेरीपासून बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीत जोरदार पडला. २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गच्या बाजूला हिमप्रपात झाला, त्यात एक रशियन स्कीअर गेला. आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ला, तिथल्याच अफरवट डोंगराच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले होते. खिलनमर्गलाच फेब्रुवारी २०१०मध्ये लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर बर्फ आला आणि सतरा जवान गेले. ही सगळी माणसं तयारीची होती.

वाऱ्याचं महत्त्व आपल्याला पटत नाही, कारण इथे वारा काही साचवत नाही. तिथे आकाश निळं असतानाही वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला लादत असतो, आणि नुसत्या हिमवृष्टीच्या कित्येक पट वेगाने. लादलेल्या बाजूचा बर्फ गुळगुळीत, फुगीर उशीसारखा दिसतो, पोल टोचला की टणक लागतो, ढोलासारखा पोकळ वाजतो. धारेच्या कडेला बर्फाचा सज्जा लटकत असेल, तर त्याच्या खालचा उतार लादलेला. तिथे जाऊ नका, आणि सज्जावरही उभं राहू नका. तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच मागून तुटतो.

३० जुलै २०१४ला आपल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेलं. १५१ माणसं. त्यानंतर कामानिमित्त मी डोंगरउतारावरच्या कितीतरी वाड्यांमधली माती तपासली. तिथले म्हातारे सांगतात, डोंगर आधी बोलतो : भेगा पडतात, झऱ्याचं पाणी गढूळ होतं, झाडं तिरपी होतात. पाऊस म्हणजे वरचं वजन आणि आतला ओलावा, दोन्ही एकदम वाढवणारा. बर्फही आधी बोलतो. फरक इतकाच की तो फार कमी वेळ देतो.

बोलणं ऐकायचं कसं

तीन खुणा अशा आहेत की त्यांतली एक दिसली तरी त्या दिवशी तीव्र उतार बंद. वाद नाही, चर्चा नाही.

पहिली, आजूबाजूला ताजा हिमप्रपात झालेला दिसणं. समोरच्या डोंगरावर, त्याच दिशेच्या आणि त्याच उंचीच्या उतारावर काही सुटलं असेल, तर तुमचाही उतार त्याच तयारीत आहे. दुसरी, तो 'व्हुम्फ' आवाज. तिसरी, स्कीपासून पुढे पळणाऱ्या चिरा.

यांच्याखेरीज हवामान. गेल्या चोवीस तासांत ३० सेंटीमीटर किंवा जास्त नवा बर्फ पडला असेल, तासाला दोन-तीन सेंटीमीटरच्या वेगाने पडत असेल, बर्फावर पाऊस झाला असेल, किंवा कडाक्याच्या थंडीनंतर अचानक ऊब आली असेल, तर थांबा. वादळानंतरचा पहिला निळा दिवस सर्वांत मोहाचा आणि सर्वांत वाईट. मार्चमध्ये दुपारी उन्हाच्या उतारांवर बर्फ ओला होतो, पाय घोट्यापर्यंत रुतू लागतो, वरून बर्फाचे गोळे चाकासारखे घरंगळत येतात. तेव्हा त्या बाजूचा दिवस संपला. सकाळी लवकर निघा आणि अकरा-बाराच्या आत उतरा.

बर्फात खड्डा खणून थरांची चाचणी करतात. ९० बाय ३० सेंटीमीटरचा खांब कापून त्यावर फावडं ठेवायचं आणि मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा अशा थापा मारून थर सुटतो का ते बघायचं. शिकण्यासारखी आहे, मला फार आवडते, माझ्या लॅबच्या कामाशी तिचं जवळचं नातं आहे. पण खड्डा एका जागेचं सांगतो. मातीचा एक नमुना घेऊन अख्ख्या डोंगराचा दाखला मी देत नाही, मग बर्फाचा कसा देऊ? चाचणी वाईट आली तर मागे फिरा. चांगली आली म्हणून पुढे जाऊ नका.

वही

मी १ नोव्हेंबरला दोनशे पानी वही काढते. रोज रात्री दोन ओळी : गुलमर्गला बर्फ पडला का, किती, तापमान काय, वारा कुठून, ढग की ऊन. हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचे अंदाज असतात, तिथल्या गाइडना फोन करता येतो. जाईपर्यंत शंभरेक दिवसांच्या ओळी होतात. मग दिसतं : इथे बारा दिवस कोरडे, इथे दहा सेंटीमीटर, इथे वाऱ्याचे तीन दिवस. जो हिवाळा मी पाहिला नाही, तो निदान ऐकलेला असतो.

जोडीला इशारे वाचा. संरक्षण संशोधन संस्थेची (डीआरडीओ) डीजीआरई ही प्रयोगशाळा हिमप्रपाताचे इशारे देते. मनालीत १९६९मध्ये सुरू झालेली सासे नावाची बर्फ आणि हिमप्रपातांचा अभ्यास करणारी संस्था २०२०मध्ये तिच्यात विलीन झाली. जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन तेच इशारे जिल्हावार पोहोचवतं. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. इशाऱ्यात 'अमुक मीटरच्या वर मध्यम धोका' अशी ओळ असते. ती अख्ख्या जिल्ह्याची आहे, तुमच्या उताराची नाही. युरोप-अमेरिकेत पाच पायऱ्यांचं माप वापरतात आणि सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पायरीवर होतात, कारण मधली पायरी माणसाला परवानगीसारखी वाटते. 'मध्यम' हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नका.

सामान

तीन वस्तू प्रत्येकाच्या अंगावर : ट्रान्सीव्हर (सतत सिग्नल सोडणारं आणि शोधावर टाकलं की दुसऱ्याचा सिग्नल पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब घडीची काठी), फावडं. एकाकडे तीनही आणि बाकीचे मोकळे, हे चालत नाही. कारण गाडला जाणारा तोच असू शकतो. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा, तीन अँटेनांचा डिजिटल घ्या. आतल्या कपड्यांवर पट्ट्याने बांधा, बॅगेत नाही. सेल अल्कलाइन, नवे. कंपनीने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर रिचार्जेबल घालू नका. प्रोब निदान २४० सेंटीमीटर. फावडं धातूचं, कारण थांबलेला हिमप्रपात सिमेंटसारखा आवळतो आणि प्लास्टिकचं पातं त्यावर मोडतं. पुण्यात हे सामान सहज मिळत नाही. गुलमर्गला भाड्याने मिळतं, पण तिथे पहिल्यांदा हातात घेऊन वर जाणं म्हणजे पोहायला शिकायला थेट भिडे पुलावरून पुरात उडी मारण्यासारखं आहे. आम्ही काही संच विकत घेऊन सरावाला वापरतो.

एअरबॅग, म्हणजे दोरी ओढली की फुगणारी पिशवी असलेली पाठपिशवी, असेल तर उत्तमच, ती माणसाला वरच्या थरात ठेवायला मदत करते. पण दाबलेल्या वायूची नळकांडी विमानात न्यायला कंपनीची आधी परवानगी लागते. लोहगावला रांगेत उभं राहून हे समजलं तर ती तिथेच राहते. ट्रान्सीव्हर सुरू असताना फोन लांब ठेवा. नुसता अंगावर असताना २० सेंटीमीटर, शोधताना ५० सेंटीमीटर. स्मार्ट घड्याळ आणि गरम होणारे हातमोजेही त्यात आले.

फोनचं आणखी एक. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड चालतं. आणि परदेशी व्हिडिओ बघून उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र घेऊन जाऊ नका. परवान्याशिवाय ते भारतात बेकायदा आहे आणि त्यासाठी लोकांना अटक झालेली आहे. म्हणजे मदत बोलावणं अवघड, ती यायला वेळ. पहिल्या पंधरा मिनिटांत तुमच्याजवळ तुमचे सोबतीच असणार.

टेकडीवरचा सराव

पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची शक्यता फार चांगली असते. पाऊण तासावर आकडा तीसेक टक्क्यांच्या खाली घसरलेला असतो. तो बर्फाच्या थंडीने क्वचित जातो, हवा संपून जातो. म्हणून हात आधीच वळलेले हवेत.

वेताळ टेकडीवर आम्ही ट्रान्सीव्हर स्टीलच्या नव्हे, प्लास्टिकच्या डब्यात घालून वाळल्या पाल्याखाली लपवतो. टेकडी खणायची नाही, ती आधीच पुष्कळ सोसते आहे. एक जण पाठ करून उभा, घड्याळ चालू. क्रम असा : माणूस शेवटचा दिसला ती जागा नजरेत पक्की करा. नंतर आणखी काही सुटणार नाही ना, ते बघा. बाकी सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधावर टाकायचे. एकाचा जरी प्रक्षेपणावर राहिला तरी सगळे त्याच्याचभोवती फिरतात, आमचं पहिल्या दिवशी नेमकं तेच झालं. सिग्नल मिळेपर्यंत पळत, मिळाल्यावर बाणाच्या दिशेने चालत, शेवटच्या तीन मीटरांत गुडघ्यावर बसून यंत्र जमिनीलगत ठेवून, हळू. सर्वांत कमी आकडा जिथे, तिथून प्रोब. उताराला काटकोनात, २५ सेंटीमीटरच्या अंतराने, बाहेर वाढत जाणाऱ्या गोलात. लागला की प्रोब तिथेच राहू द्या, उपसू नका.

मग फावडं. यात सगळे चुकतात, प्रोबच्या वर उभं राहून सरळ खाली खणतात. खाली माणूस आहे, त्याच्या तोंडापुढची इवलीशी पोकळी तुमच्या वजनाने दबते. प्रोबवर खोली बघा, तेवढंच अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत शिरा. पुढचा तुकडे कापतो, मागचे बर्फ खाली ढकलतात, दर मिनिटाला पुढचा बदलतो. एक मीटर खोल माणसासाठी टनाहून जास्त बर्फ हलवावा लागतो. याचा सराव आम्ही एका ओळखीच्या बांधकामावर वाळूच्या ढिगात केला. पोत्यात जुने कपडे भरून पुरले. पहिल्यांदा एकवीस मिनिटं लागली. पोरं गप्प झाली. पाचव्या खेपेला नऊ मिनिटांवर आली.

तिथे गेल्यावर

पुणे ५६० मीटरवर आहे. गोंडोलाचा दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. सकाळी विमान आणि दुसऱ्या सकाळी एवढ्या उंचीवर, अशा माणसाचं डोकं जड असतं आणि निर्णय हलके. आम्ही पहिले दोन दिवस खाली, आखलेल्या पट्ट्यावरच काढतो. पूर्वी झेलम एक्सप्रेसने जम्मूपर्यंत दोन रात्री काढून जायचो, तेव्हा निदान शरीराला प्रवास झाल्याचं कळायचं.

गोंडोलाची दुसरी गोम अशी. सह्याद्रीत आपण ज्या वाटेने उतरतो, तिच्याच आसपास चढलेलो असतो. तिथे यंत्र तुम्हाला न पाहिलेल्या उताराच्या डोक्यावर नेऊन ठेवतं. गस्ती पथक गोंडोलाखालचा ठरावीक भाग सांभाळतं. त्या भागाच्या हद्दीवरच्या दोरीपलीकडचं कुणी तपासलेलं नसतं, भले तिथे शंभर जणांच्या स्कीच्या रेघा असोत. रेघा म्हणजे सुरक्षिततेचा पुरावा नाही. एकशे एकावा माणूसही कच्च्या जागेवर पाय ठेवू शकतो.

दोरीजवळ सगळ्यांनी एकमेकांचे ट्रान्सीव्हर तपासा, एक जण पुढे उभा राहून बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातील असं. संशयाच्या जागेवर एका वेळी एकच. बाकीच्यांनी आडोशाच्या ठिकाणी, सोंडेवर किंवा दाट झाडीत, थांबून त्याच्यावर डोळा ठेवायचा. उताराच्या मध्ये किंवा पायथ्याशी थांबून फोटो नकोत. पोलचे पट्टे मनगटातून काढून ठेवा. सुटलंच तर ओरडा, बाजूला निसटायचा प्रयत्न करा, आणि थांबताना हात तोंडापुढे आणा म्हणजे श्वासाला जागा राहील.

आणि एक गोष्ट, जी आपल्या मंडळींना सगळ्यांत जड जाते. आपल्या ट्रेक ग्रुपांत लीडर हा दादा किंवा सर असतो. त्याच्यापुढे 'नको' म्हणायला भीड वाटते. त्यात सुट्टी मोजकी, पैसे भरलेले, बाकीचे तयार. भाच्याच्या ग्रुपमधली सर्वांत लहान मुलगी सराव करताना कधी बोलायची नाही. मी तिलाच रोज सकाळी पहिलं विचारायचा नियम घातला : आज जायचं का? तिचं 'नको' आलं तर कारण विचारायचं नाही, वाट बदलायची. माझंही तसंच, वयाचा मान इथे बाजूला. गाइड 'उधर नहीं' म्हणाला की त्याला समजावत बसायचं नाही. त्याने हिवाळा पाहिला आहे.

रात्री हॉटेलवर वहीत तिथल्या ओळी लिहा, दिवसात कुठे कुठे मोजलं, काय ऐकलं, कुठून मागे फिरलो. परत आल्यावर ट्रान्सीव्हर कोरडा करून त्यातले सेल काढून ठेवा. पुण्याच्या उन्हाळ्यात ते आतच राहिले तर गळतात, आणि पुढच्या डिसेंबरात टेकडीवर यंत्र सुरू होत नाही.